फसवी बदकं (डिकॉय): कुठली वापरू, कुठली ठेवू आणि धुवायची कशी?

खाडीकाठचा
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, पहिलाच धागा काढतोय आणि तोही असल्या विषयावर, सांभाळून घ्या.

आम्ही मेरीलँडमध्ये हावर द ग्रेसजवळ राहतो, म्हणजे सस्क्वेहाना नदी चेसापीक खाडीला मिळते तिथे. शेजारचे आजोबा ८१ वर्षांचे आहेत, घर विकून मुलीकडे राहायला चाललेत. गराज रिकामं करताना त्यांनी तीन मोठी जाळीदार पोती आणून माझ्या दारात टाकली. आत शिकारीत खरी बदकं बोलवायला पाण्यावर सोडतात ती खोटी बदकं: ३० प्लॅस्टिकची, सहा कॉर्कची आणि तळाशी टॉवेलात गुंडाळलेली पाच लाकडी. माझ्या मुलाला (वय १५) ते दोन वर्षं बदकांच्या शिकारीला सोबत नेतायत, त्याचा हंटर सेफ्टी कोर्सपण त्यांनीच मागे लागून करून घेतला. "आता ही तुझी" एवढंच म्हणाले आणि गेले. मी दाभोळकडचा, आमच्याकडे मासा गळाने धरतात, बदक बदकाने धरतात हे मला इथे येऊन कळलं.

आता प्रश्न. पोराला आणि मला एवढी ३६ लागणार आहेत का? प्लॅस्टिकमधली निम्मी चिखलाने भरलीत, काही पाण्यात आडवी पडतात. आणि लाकडीपैकी एक मी काल उत्साहात भांड्याच्या साबणाने आणि हिरव्या घासणीने घासलं. डोक्याचा तपकिरी रंग निघाला आणि खालून काळा रंग आला. बायको म्हणते आता पुरे, उरलेल्यांना हात लावू नकोस. काय करू?

नलूमावशी
मला आधी वाटलं गणपतीच्या सजावटीचा धागा आहे. तळं, कमळं आणि बदकं. प्लॅस्टिकची उरली तर इकडे न्यू जर्सीत एडिसनला पाठव रे, गौरीपुढे ठेवते.

मिनेसोटाकर
खाडीकाठच्या, पहिली गोष्ट, ती लाकडी पाच आत्ताच्या आत्ता टॉवेलात परत गुंडाळ आणि घासणी घराबाहेर फेक. लाकडाबद्दल इथे माझ्यापेक्षा जास्त कळणारे लोक येतील, मी प्लॅस्टिकबद्दल बोलतो, अकरा सीझन झाले माझे.

आडवी पडणारी आधी वेगळी काढ. प्रत्येक बदक हातात घेऊन कानाशी हलव. आत पाणी खळखळलं तर कुठेतरी भोक आहे, बहुतेक छऱ्याचं, किंवा तळाला जोडावर चीर गेलेली असते. बादलीत दाबून धरायचं, बुडबुडे येतील तिथे पेनाने खूण, मग पाणी काढून दोन दिवस वाळू द्यायचं आणि ग्लू गनने बुजवायचं. ओलं असताना बुजवलंस तर गोंद धरत नाही, मी पहिल्या वर्षी सगळी ओलीच चिकटवली होती आणि सकाळी पाच वाजता तळ्यात एकेक करून त्यांना जलसमाधी घेताना बघितलं.

पाणी नसूनही आडवं पडत असेल तर खालची पट्टी (कील) बघ. दोन जाती असतात. एकात वजन आधीच भरलेलं असतं, कसंही फेक, सरळ होऊन बसतं. दुसरी पोकळ असते, पाण्यात टाकल्यावर तिच्यात पाणी शिरतं आणि तेच वजन. दुसरी उचलायला हलकी, चालत लांब जायचं असेल तर बरी, पण ती हाताने नीट ठेवावी लागते आणि वाऱ्यात जास्तच नाचते. होडीतून फेकणार असशील तर वजनवालीच घे.

चेपलेली असतील तर कढत पाण्यात बुडव, पोचे आपोआप बाहेर येतात. धुवायला नुसतं पाणी आणि मऊ ब्रश. कपड्याची पावडर अजिबात नको, त्यात कपडे उजळ दिसायला जे घालतात ते अतिनील प्रकाशात चमकतं आणि बदकांना अतिनील दिसतं. आपल्याला बदक स्वच्छ दिसतं, त्यांना ट्यूबलाइट.

अजून एक. पोत्यात जुनी काडतुसं सापडली तर वापरू नका. पाणबदकांसाठी शिशाचे छरे १९९१ पासून अख्ख्या देशात बंद आहेत. बदकं खडे म्हणून तळातले छरे गिळतात आणि शिशाने मरतात.

शंकेखोर
म्हणजे निष्पाप पक्ष्यांना खोट्या मैत्रिणी दाखवून बोलवायचं, गोळी घालायची आणि वर त्या मैत्रिणींना कुठल्या साबणाने आंघोळ घालायची यावर चर्चा. धन्य आहे.

तळ्यात_मळ्यात
शंकेखोर, तुमच्या मागच्या आठवड्यातल्या कोंबडी वड्यांच्या धाग्यावर १४ प्रतिसाद आहेत तुमचेच 😀

शंकेखोर
कोंबडीला मी फसवत नाही. तिला पहिल्यापासून माहीत असतं.

मिनेसोटाकर
शंकेखोर, मुद्दा मान्य करूनच बोलतो, पटत नसेल तर नको. पण एवढं बघा. इथे १६ आणि त्यावरच्या वयाच्या प्रत्येक बदक-शिकाऱ्याला दरवर्षी डक स्टँप (सरकारी तिकीट) घ्यावाच लागतो. १९३४ मध्ये एक डॉलरला सुरू झाला, आता पंचवीस. त्यातले ९८ टक्के पैसे पाणथळ जागा विकत घ्यायला आणि राखायला जातात. पहिल्या स्टँपवरचं चित्र डिंग डार्लिंग या व्यंगचित्रकाराने काढलं होतं. शिकार न करणारे पक्षीवेडेपण घेतात तो, माझी बायको घेते, तिने आयुष्यात झुरळ मारलेलं नाही, ते मला मारावं लागतं.

उजनीकाठ
आमच्याकडे भिगवणला थंडीत हा प्रश्नच येत नाही कारण १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली शिकार बंद आहे. आता तिथे नावाडी लोक पर्यटकांना फ्लेमिंगो आणि पट्टकदंब दाखवून कमावतात. थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, हळदी-कुंकू सगळे जवळून बघायला मिळतात.

पण फसवायची कला आपल्याकडेही होतीच. पारधी लोक पिंजऱ्यात पाळलेला तितर घेऊन माळावर जायचे असं आजोबा सांगायचे. पिंजरा झुडपात ठेवायचा, भोवती फासे मांडायचे, आतला तितर ओरडला की रानातला "माझ्या हद्दीत कोण" म्हणून तणतणत यायचा. म्हणजे तिकडे मैत्रीचं आमिष, इकडे भांडणाचं.

तळ्यात_मळ्यात
भांडणाचं आमिष दाखवून माणसं गोळा करणं हे तर प्रत्येक धाग्यावर चालतं इथे.

बाकी डिकॉयला मराठी शब्द काय? आमिष म्हणावं तर ते खाण्याचं. हे म्हणजे उलटं बुजगावणं झालं. बुजगावणं पाखरांना बुजवतं, हे बोलावतं. म्हणून मी "बोलगावणं" असा शब्द सुचवतो. भाषा समितीने नोंद घ्यावी.

नलूमावशी
बोलगावणं! घेतला. आमच्या ह्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक काका आहेत, त्यांना हेच नाव ठेवते.

मिनेसोटाकर
उजनीकाठ, जिवंत बोलगावणी इथेही होती. पाळीव बदकं पायाला दोरी बांधून पाण्यात सोडायचे, ती ओरडायची, वरून जाणारा थवा उतरायचा. एवढी जबर चालायची युक्ती की १९३५ मध्ये बंदी घालावी लागली. लाकडी नि प्लॅस्टिकच्यांना हात नाही लावला कायद्याने.

सुताराचा_पोर
मी सावंतवाडीचा, वडील सुतार, चितारआळीतल्या लाकडी खेळण्यांच्या रंगात लहानपण गेलं. माझं मत विचाराल तर त्या घासलेल्या बदकाला आता पूर्ण न्याय द्या. बारीक सँडपेपर मारा, लाकूड उघडं करा, भेगा असतील तर लांबी (पुट्टी) भरा, प्रायमर आणि वर मॅट रंग. चकचकीत अजिबात नको, ओल्या पाठीवर ऊन पडलं की आरसा होतो. हत्यार आहे ते, शोपीस नाही. मुसळ कोणी काचेच्या कपाटात ठेवतं का?

जर्सीची_सून
थांबा थांबा थांबा!!! सँडपेपर लावू नका!! खाडीकाठचा, हे वाचेपर्यंत काही केलं नसेल अशी आशा.

माझे सासरे (अमेरिकन, न्यू जर्सीत बार्नेगट खाडीच्या काठावर वाढलेले) ही जुनी लाकडी बदकं जमवतात, घरात साठेक तरी आहेत, त्यांच्यावरची धूळ मी झाडते म्हणून थोडं कळतं. जुन्या बदकाची किंमत लाकडात नसते, मूळ रंगात असते. तो उडालेला, ओरखडलेला, छरे लागलेला असला तरी तोच हवा असतो. एकदा खरवडलं की संपलं, परत आणता येत नाही. १९२४ पर्यंत डेट्रॉईटला मेसन नावाचा कारखाना होता, तिथली मशीनवर घडवून हाताने रंगवलेली बदकंसुद्धा लोक शोधत फिरतात. आणि मॅसॅच्युसेट्सच्या एल्मर क्रोवेल यांनी केलेली दोन, एक झोपलेला कॅनडा हंस (गूज) आणि एक चोचीने पिसं साफ करणारं पिनटेल, २००७ मध्ये प्रत्येकी ११ लाख ३० हजार डॉलरला गेली. पिनटेल म्हणजे उजनीकाठ म्हणतात ते तलवार बदक.

जपायचं कसं, तर कोरडा मऊ ब्रश, बस. पाणी नाही, साबण नाही, फर्निचर पॉलिश नाही, जवसाचं तेल तर मुळीच नाही, काळं पडतं आणि धूळ धरतं. खिडकीतल्या उन्हात आणि हीटरच्या वर ठेवू नका, लाकूड तडकतं. बेसमेंटच्या ओलीतही नको. तळाला शिशाचं वजन असेल तर हात लावल्यावर हात धुवा.

पाचही बदकांचे फोटो टाका ना, वरून, बाजूने आणि तळाचा. तळाचा नक्की.

सुताराचा_पोर
अकरा लाखवाली दोन. बाकी लाखभर बदकं शेकोटीत गेली असतील त्याचं काय? ज्याने ते केलं त्याने पाण्यासाठी केलं. दरवर्षी सीझनच्या आधी रंग देतच असणार ते लोक. मग त्यातला "मूळ" कुठला धरायचा?

जर्सीची_सून
ते खरंय, देतच असत. म्हणूनच तर मूळ रंगातलं दुर्मीळ. तुम्ही माझ्याच बाजूने बोललात 😀

एचवनवाला
एक बावळट प्रश्न. माझा कलीग नेतो म्हणतोय. एच-वनवर असताना बंदूक हातात धरलेली चालते का? घरी विचारलं तर आई रडायला लागली.

मिनेसोटाकर
नॉन-इमिग्रंट व्हिसावर बंदूक बाळगायला फेडरल कायद्यात मनाई आहे, पण राज्याचं वैध हंटिंग लायसन्स असेल तर त्यात सूट आहे. तरी आधी वकिलाला विचार, कलीगच्या भरवशावर राहू नकोस. पहिल्या वर्षी नुसता सोबत जा, बोलगावणी उचलायला माणूस सगळ्यांनाच हवा असतो. आईला सांग पिकनिक आहे. पहाटे चारची, गारठ्यातली.

फ्रेस्नोची_भाजी
कॅलिफोर्नियातून. किती लागतात याचं उत्तर कोणीच दिलं नाही अजून. लहान तळं, ओढ्याचं वळण असेल तर सहा ते बारा पुरेत. खुल्या खाडीवर तीन-चार डझनसुद्धा कमी. सगळी एकाच जागी गर्दीने ठेवू नका, घाबरलेला थवा चिकटून पोहतो. सैल ठेवा, आणि मध्ये मोकळी जागा सोडा, लग्नाच्या पंगतीत नवीन पाहुण्याला बसायला जागा दिसली पाहिजे तशी. बदक वाऱ्याकडे तोंड करून उतरतं, म्हणून तुमची पाठ वाऱ्याकडे आणि ती मोकळी जागा तुमच्या समोर.

जात कुठली म्हणाल तर मॅलार्ड जवळपास सगळीकडे चालतं. सीझनच्या सुरुवातीला नरांना पूर्ण रंग आलेला नसतो त्यामुळे मातकट माद्या जास्त ठेवा, थंडी वाढली की हिरव्या डोक्याचे नर वाढवा. दोन-चार काळ्या वारकऱ्यांची (कूट) बोलगावणी बाजूला टाकली तर थव्याला वाटतं इथे सगळं निवांत आहे.

आणि बॅटरीवर पंख फिरवणारं यंत्र घ्यायच्या आधी आपल्या राज्याचा नियम वाचा. आमच्याकडे ३० नोव्हेंबरपर्यंत ते वापरायला बंदी आहे. त्यापेक्षा एक दोरी चार बदकांना बांधून पलीकडे रबराला अडकवा आणि लपून ओढत बसा, पाणी हललं की पुरे. नुसती स्थिर बदकं शांत पाण्यावर म्हणजे फोटो काढायला बसवलेलं कुटुंब.

मिनेसोटाकर
+१. दोरीबद्दल माझंही. तुझ्या पोत्यातल्या दोऱ्या गुंतल्या असणारच. सोडवत बसू नकोस, कापून टाक. टेक्सास रिग कर, म्हणजे प्रत्येक बदकाला जाड नायलॉनची तार, तिच्यावर सरकणारं वजन, टोकाला गोल फास. उचलताना सगळे फास एका कडीत अडकवायचे, केळ्याच्या घडासारखी डझनभर एकदम उचलता येतात. मात्र तार पाण्याच्या खोलीपेक्षा लांब हवी. खोल पाण्यात हे चालत नाही, तिथे एकाच लांब दोरीला ओळीने अडकवतात.

ठेवताना खण शिवलेल्या पिशव्या मिळतात, एकेका खणात एकेक, म्हणजे एकमेकांवर घासून रंग जात नाही. गराजच्या छताला टांग, उंदरांना दोऱ्या फार आवडतात. आणि एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात नेताना शेवाळ, चिखल झाडून, पूर्ण वाळवून ने, नाहीतर झेब्रा मसल्ससारखे आगंतुक आपणच वाहून नेतो.

खाडीकाठचा
बापरे, दोन दिवसांत एवढं. सगळ्यांचे आभार. सँडपेपर लावला नाही ताई, श्वास सोडा.

प्रगती अशी की ३० मधली १९ ठीक, सात बुजवली, चार गेली. कॉर्कच्या सहापैकी दोघांची मुंडी हलते. लाकडी पाचांचे फोटो टाकलेत. घासलेलं ते डावीकडून दुसरं, आजोबांनी टॉवेलावर पेनाने "कॅनव्हासबॅक" लिहिलंय. इथे त्याला फार मान, या खाडीचं राजबदक म्हणतात. पूर्वी सस्क्वेहानाच्या उथळ भागात रानटी सेलरी नावाचं पाणगवत उगवायचं त्यावर लाखोंनी यायचं म्हणे. १९७२ मध्ये अ‍ॅग्नेस वादळाचा पूर आला, गाळाखाली गवत गेलं आणि त्यामागे बदकंपण गेली. आता कुठे गवत बरंच परत आलंय.

उजनीकाठ
बहात्तर! आमच्याकडे दुष्काळ, तुमच्याकडे पूर. आमची आजी अजून "भात्तरचा मिलो" म्हणून लाल ज्वारीचं नाव काढते. दोन्हीकडे लोक त्या सालावरून वय मोजत असणार.

जर्सीची_सून
फोटो पाहिले. खाडीकाठचा, तुमच्याकडचं हे बदक खोटं बोलतंय.

कॅनव्हासबॅकचं कपाळ चोचीपासून सरळ उतारावर असतं, घसरगुंडीसारखं. तुमच्या घासलेल्याचं डोकं गोल आहे. आणि तपकिरी रंगाखालून काळा निघाला म्हणता. सासऱ्यांना फोटो दाखवला, ते म्हणाले हे मुळात स्कॉप आहे, तुमच्याकडे त्याला ब्लॅकहेड म्हणतात. कोणीतरी वरून कॅनव्हासबॅक रंगवलंय. पूर्वी हे सर्रास चालायचं, यंदा ज्याची गरज त्याचा रंग.

बाकी चार अंगाने भरीव दिसतात. आमच्या जर्सीची दोन तुकडे आतून कोरून जोडलेली, पोकळ, हलकी. तुमच्या भागातल्यांचं म्हणजे तुमच्या गावचे मॅडिसन मिचेल सगळ्यांना माहीत, तेही भरीवच करायचे. त्यांचा मूळ धंदा अंत्यसंस्काराचा, फावल्या वेळात बदकं. तुमची त्यांची आहेत असं अजिबात म्हणत नाहीये, फोटोवरून असं कोणी सांगूच नये. गावात डिकॉयचं म्युझियम आहे ना, तिथे घेऊन जा.

शंकेखोर
म्हणजे बदकांना फसवणाऱ्या बदकाने माणसालाही फसवलं. आता मला या धाग्यात रस यायला लागलाय.

तळ्यात_मळ्यात
शंकेखोर उतरले पाण्यावर. मोकळी जागा सोडली होती म्हणून.

जर्सीची_सून
जाता जाता एक, नेवाडातल्या लव्हलॉक गुहेत १९२४ मध्ये अकरा बोलगावणी सापडली, लव्हाळ्याची वळलेली, काहींवर रंग आणि खरी पिसं खोचलेली. दोन हजार वर्षांपूर्वीची. तीसुद्धा कॅनव्हासबॅकच बरं का. कोणीतरी ती टोपलीत नीट गुंडाळून खड्ड्यात पुरून ठेवली होती, पुढच्या सीझनला काढू म्हणून.

नलूमावशी
आणि मग विसरला. आमच्या माळ्यावर अशी दोन पातेली आहेत.

खाडीकाठचा
शेवटचं अपडेट. काल आजोबांना निरोपाचं जेवायला बोलावलं होतं, बांगड्याचं तिखलं खाऊन नाक पुसत बसले होते. मी धीर करून घासलेलं बदक समोर ठेवलं आणि सगळं कबूल केलं, घासणीसकट. त्यांनी ते उलटं केलं, सुलटं केलं, अंगठ्याने काळा भाग चोळला आणि एवढे हसले की ठसका लागला. म्हणाले, हे त्यांच्या वडिलांचं ब्लॅकहेड. आजोबा स्वतः विशीत असताना एका रात्री घाईत त्यांनीच त्याचं कॅनव्हासबॅक केलं, घराच्या खिडक्यांना लावून उरलेल्या रंगाने. वडील दुसऱ्या दिवशी नावेत तीन तास बोलले नाहीत. "ते परत काळं करायचं मी साठ वर्षं ठरवतोय, तू निम्मं काम केलंस."

म्युझियममध्ये बाकीची चार नेणार आहे, तोपर्यंत ती कपाटात. प्लॅस्टिकची बारा पोराने टेक्सास रिग करून पिशवीत भरलीत. आणि हे पाचवं आजोबांनी पोराच्या हातात दिलं, शनिवारी पाण्यात टाक म्हणाले, असंच, अर्धं तपकिरी अर्धं काळं.

सुताराचा_पोर
मुसळ! मी म्हणालो होतो! सँडपेपर पाठवू का?

जर्सीची_सून
खबरदार.